दोन नवे टॉवेल

आमच्या आरोग्य केंद्रात बाळ जन्मलं की आधी तपासणी करतं, मग रडतं. तसा शासन निर्णयच आहे. बाळंतपणाची सोय कशी आहे, हे नुकत्याच जन्मलेल्याइतकं कोणाला कळणार? शंभर गुणांचा फॉर्म असतो. बाळ सांगतं, मी, म्हणजे इथली नर्स, भरते. तेवढा वेळ श्वास नीट चालू असतो, फक्त रडणं राखून ठेवलेलं असतं.

त्या मंगळवारी हौसी वरठा आली, पोटात जुळं. जुळं असलं की तालुक्याला पाठवायचं, पण ॲम्ब्युलन्स घाटात बंद पडली आणि आतल्यांना घाई. डॉक्टर खैरमोडे मीटिंगला गेलेले. विषय म्हणे केंद्राची गुणवत्ता. म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात. त्यात जुळ्यांचा नियम कडक आहे. पहिल्याने शिफारस केल्याशिवाय दुसरं बाहेर येत नाही. आणि ते अडलं तर हौसीचं काय होईल, हे मला कोणी सांगायला नको. सतरा वर्षं हेच करतेय मी.

पावणेअकराला पहिली आली. मुलगी. डोळे किलकिले करून तिने आधी पंखा बंद करायला लावला. मग साबण ओला आहे का, म्हणजे मी हात धुतले का, ते विचारलं. होता, पाच गुण मिळाले. आईवर कोणी ओरडलं का, हेही विचारलं. मी ओरडले होते. कबूल केलं, ती आतून ऐकतच होती, लपवणार काय कपाळ!

मग तिने टॉवेल मागितला. मी जुन्या चादरीचा तुकडा पुढे केला.

"गरम आणि कोरडा टॉवेल," ती म्हणाली. "पान दोन."

तसे दोन होते, कोरे करकरीत, पण कपाटात. किल्ली डॉक्टरांच्या खिशात. पूर्वी जिल्ह्याचे साहेब जीपमधून तपासायला यायचे, तेव्हा ते टॉवेल बाहेर निघायचे आणि जीप वळली की परत आत. पाहुण्यांच्या कपबशांसारखं. साहेब यायचे बंद झाले, सवय तेवढी राहिली.

"कोणासाठी ठेवलेत?"

"तपासणीसाठी, मॅडम."

"मग मी कोण?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिलिंडरचा पाना उचलला आणि कुलूप तोडलं. बाळांना ऊब देणाऱ्या यंत्रावरचं प्लॅस्टिकही अजून तसंच होतं, तेही टराटरा फाडलं. टॉवेल तापवले, एकाने तिला पुसून हौसीच्या छातीवर ठेवलं. तिने टॉवेलच्या रकान्यात शून्यच द्यायला सांगितलं. उशीर झाला होता. एकूण चौपन्न.

शेवटचा प्रश्न उरला. हे केंद्र इतरांना सुचवाल का? त्याला गुण नसतात, हो किंवा नाही एवढंच. ती गप्प राहिली. हौसीच्या कळा मंदावल्या, ओठ पांढरे पडले. मी घाबरले, सरळ हात जोडले. मॅडमनी नियमावर बोट ठेवलं. विनंतीवरून शिफारस होत नाही.

"बाय," हौसी हळूच म्हणाली, "माझ्यात आता दम नाय गं. काय ते सांगून टाक."

मुलीने तिच्या छातीला कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग पोटाच्या दिशेने तोंड करून म्हणाली, "सोय बेताची आहे. पण ये. दुसरा टॉवेल गरम आहे."

अकरा वाजून चार मिनिटांनी दुसरा आला. टॉवेलला हात लावून पाहिला आणि बहिणीच्या अहवालाशी सहमत असल्याचं नोंदवलं. मग दोघं रडली. हौसी रडली, मीही रडले. त्याला फॉर्ममध्ये जागा नाही.

संध्याकाळी डॉक्टर परतले. तुटलेलं कुलूप पाहून तपासणी आली होती का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

"टॉवेल काढले होते ना?"

"काढले, सर. दोन्ही."