प्रेंडरगास्टांचं मूळ गाव

"आडनाव सांगा, मूळ गाव सांगतो!"

पद्माकर केळशीकरांचा हा दावा होता, आणि पुण्यात रिक्षावाल्यापासून हृदयाच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांवर त्यांनी तो चालवून बघितला होता. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून म्हणाले, "मोठा श्वास घ्या," तर यांनी श्वास घेतला आणि सोडता सोडता विचारलं, "तुम्ही मूळचे कऱ्हाडकडचे ना?" डॉक्टर खरोखरच कऱ्हाडकडचे निघाले. मग काय विचारता! महिनाभर सोसायटीत दुसरा विषय नव्हता.

माणूस सर्व्हे खात्यातून रिटायर झालेला. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी मोजल्या, रिटायर झाल्यावर दुसऱ्यांची घराणी मोजायला घेतली. 'केळशीकर कुलवृत्तांत' नावाचा उशीएवढा जाड ग्रंथ त्यांनी एकहाती पुरा केला होता. त्यात केळशी गावाचं वर्णन तर असं झकास, की वाचताना पायाला वाळू लागल्यासारखं वाटावं! समुद्र, माड, महालक्ष्मीचं देऊळ, काही म्हणून सोडलं नव्हतं.

अशा या पद्माकररावांची एकुलती एक लेक मुक्ता. डब्लिनला चेरीवूडमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. तिने एक दिवस व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की ऑफिसातल्या डोनलशी लग्न करायचं ठरवलंय. आईने, म्हणजे चित्राबाईंनी विचारलं, "स्वभावाने कसा आहे गं?" बाबांनी विचारलं, "आडनाव काय?"

"प्रेंडरगास्ट."

पद्माकरराव खुर्चीत ताठ झाले. नवं कोरं आडनाव! त्या दिवसापासून घरात भाजी निवडायचीसुद्धा चोरी झाली. चित्राबाईंनी गवारीची शेंग मोडली की हे संगणकावरून ओरडायचे, "अगं ऐकलंस का, वेल्समध्ये प्रेंडरगास्ट नावाचं गावच आहे! तिथला म्हणून 'द प्रेंडरगास्ट'. केळशीचे केळशीकर, तसंच अगदी! नॉर्मन सरदार घराणं, अकराशे एकोणसत्तर साली गलबतात बसून आयर्लंडला आलं!"

"आणि त्या नावाचा अर्थ काय?"

"त्यावर पंडितांचं अजून एकमत नाही. पंडितांचं एकमत नाही म्हणजे घराणं जुनं, समजलीस?"

मुक्ताला याची कुणकुण लागली आणि तिने लगेच फोन लावला. कारण चुलतबहीण रेवाच्या साखरपुड्यात बाबांनी काय केलं होतं, ते ती विसरली नव्हती. स्वतःला जहागीरदार म्हणवणाऱ्या व्याह्यांना त्यांनी भर पंगतीत सांगितलं होतं, की तुमचे पूर्वज जहागिरीवर नव्हते, जहागिरदाराच्या पागेत होते. रेवाचं लग्न झालं, पण तिचे सासरे अजून पद्माकररावांना बघितलं की रस्ता बदलतात.

"बाबा, शब्द द्या," मुक्ता म्हणाली. "डोनलच्या डॅडना आई नाही आवडली, मी नाही आवडले, तर मी बघून घेईन. पण त्यांच्यापुढे आडनाव हा विषय काढायचा नाही. एक अक्षर नाही!"

"दिला शब्द!" पद्माकररावांनी देवघरातल्या गणपतीवर हात ठेवला.

गणपती काही बोलला नाही, पण त्याला ठाऊक होतं. कारण आदल्याच दिवशी तुळशीबागेतून एक पितळी पाटी तयार होऊन आली होती, आणि ती चित्राबाईंच्या पैठणीत गुंडाळून डब्लिनला न्यायच्या बॅगेच्या तळाशी गेली होती. 'बोलायचं नाही म्हणजे बोलायचं नाही,' पद्माकररावांनी मनाची समजूत घातली. 'पाटी काय बोलते थोडीच?'

दोन हजार एकोणीसचा मार्च. दोघं डब्लिनला पोचले. शनिवारी मुक्ताच्या फ्लॅटवर डोनल आला. उंच, लाजरा, चित्राबाईंच्या पोह्यांची तीन वेळा तारीफ करणारा. पोरगा पसंत! मग तो टीव्हीपुढे बसला. तिकडे कार्डिफला पावसात हिरवे आणि लाल असे रग्बीचे दोन संघ एकमेकांच्या उरावर बसत होते. पद्माकररावांना क्रिकेटपलीकडे खेळ माहीत नाही. ते दहाव्या मिनिटाला सोफ्यावर घोरायला लागले. जाग आली तेव्हा डोनल डोकं धरून बसला होता.

"काय झालं?"

"हरलो, काका. पंचवीस-सात. धुवून काढलं आम्हाला."

"चालायचंच!" पद्माकरराव म्हणाले आणि पुन्हा कुशीवर वळले. ते लाल शर्टवाले कुठले, हे त्यांनी विचारलं नाही. वाचकहो, ते लाल शर्टवाले वेल्सचे होते. एवढं फक्त ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी रविवार, सेंट पॅट्रिक्स डे, आयर्लंडचा सगळ्यात मोठा सण. आख्खा देश हिरवा कपडा घालून रस्त्यावर, आणि ही मंडळी गाडीने लिमरिककडे. डोनलचे वडील डेनिस प्रेंडरगास्ट शहराबाहेर आपल्या शेतावर राहायचे. गायींचा मोठा गोठा, घरात ते आणि त्यांची म्हातारी आई पेग. डोनलची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आज जेवणं झाली की डोनल आणि मुक्ता लग्नाची तारीख सांगणार होते. डॅडनी 'ग्रँड' म्हटलं की झालं! आणि डॅड रग्बीच्या पायी जीव टाकणारे आहेत, काल रात्री जेवलेसुद्धा नाहीत, असं डोनलने गाडीत दोनदा सांगितलं. पद्माकरराव तेव्हा खिडकीबाहेरच्या बांधांची मापं मनातल्या मनात घेत होते.

डेनिस म्हणजे दारात उभा केलेला नांगर! कोटाला शॅमरॉकची हिरवी पानं खोचलेली, चेहरा मात्र तेराव्याला आल्यासारखा. त्यांनी पद्माकररावांचा हात दाबला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "केळशीकर! आता हे नाव कुठलं म्हणायचं? तुमची माणसं मूळची कुठली?"

पद्माकररावांच्या अंगावर काटा आला. सातासमुद्रापार येऊन आपल्याच जातीचा माणूस भेटावा! त्यांनी केळशी जी उघडली! समुद्र काय, माड काय, वाळूची टेकडी काय! पेगआजी ऐकता ऐकता बटाटे वाढायचं विसरली.

"गावावरून नाव!" डेनिस खूश झाले. "झकास. आमचं मात्र तसं नाही बुवा. आम्ही कायमचे इथलेच. ही माती आणि आम्ही एकदमच जन्मलो."

झालं! पद्माकररावांच्या जिभेच्या टोकावर अकराशे एकोणसत्तर साल येऊन उभं राहिलं. टेबलाखाली चित्राबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला. समोरून मुक्ताने डोळे वटारले. पद्माकररावांनी आख्खा बटाटा तोंडात कोंबला. धन्य त्या माणसाची!

पण पेगआजीची नजर त्यांच्या पिशवीवर गेली. "त्यात काय आहे हो, मघापासून मांडीवर घेऊन बसलायत ते?"

"आमच्याकडची भेट," पद्माकरराव म्हणाले. आता हे बोलणं आडनावाबद्दल होतं का? नव्हतं! त्यांनी पैठणीची घडी सोडली. चकचकीत पितळी पाटी! डेनिसनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं:

"प्रेंडरगास्ट. मूळ गाव प्रेंडरगास्ट, वेल्स. आयर्लंडमध्ये वास्तव्य सन ११६९ पासून."



"वेल्स?" डेनिस म्हणाले.

"वेल्स!" पद्माकररावांना वाटलं, गडी भारावला. आता कसला शब्द आणि कसलं काय! "शंभर टक्के वेल्स! इथे तुम्ही बाहेरून आलात डेनिसराव, अगदी परवा परवा, साडेआठशेच वर्षं झाली! तुमच्या अंगात रक्त आहे ते वेल्सचं!"

डोनलच्या हातातला काटा ताटात पडला. डेनिस कानापर्यंत लाल झाले, काल जिंकलेल्या शर्टांसारखे. "काल त्यांनी आम्हाला चिखलात लोळवलं," ते हळूच म्हणाले, "आणि आज सेंट पॅट्रिकच्या दिवशी, माझ्याच टेबलावर, हा माणूस मला वेल्शमन म्हणतोय." ते उठले. "गायींची धार काढायची वेळ झाली." आणि दार धाडकन लावून गेले.

"डॅड गायींची धार पाचला काढतात," डोनल पुटपुटला. घड्याळात तीन वाजले होते.

मुक्ता स्वयंपाकघरात जाऊन सिंकपाशी उभी राहिली. पद्माकरराव मागोमाग गेले. "अगं पण मी बोललो कुठे, पाटीने..."

"बाबा, गप्प बसा!" ती रडत होती. "लग्न तर मी करेनच. पण ह्या घरात मला हसून यायचं होतं. तेवढंच मागितलं होतं तुमच्याकडे."

आयुष्यात प्रथमच पद्माकररावांना दुसऱ्याच्या मुळापेक्षा स्वतःच्या अकलेची काळजी वाटली. पोरीचे डोळे पुसायला खिशात रुमालसुद्धा नव्हता. ते तडक वळले, दारातले डेनिसचे गमबूट पायात चढवले आणि रेशमी झब्बा सावरत गोठ्याकडे निघाले. बूट दोन नंबर मोठे, वाट चिखलाची. निम्म्या वाटेत एक बूट चिखलात राहिला आणि पद्माकरराव पुढे गेले. मोजा शेणात! झब्ब्याची काय दशा झाली, ते न बोललेलंच बरं.

डेनिस गायींपुढे नुसतेच उभे होते. वेळ झाली नसल्याने गायीसुद्धा त्यांच्याकडे संशयाने बघत होत्या.

"डेनिसराव, चुकलं माझं. पोरीवर राग काढू नका."

डेनिसनी एका गायीची पाठ थोपटली.

"पाटी लहान पडली हो! महत्त्वाचं तेच राहिलं. तुमच्यातला इथे आलेला पहिला माणूस मॉरिस. त्याने शत्रूच्या राजाला, ऑसरीच्या राजाला, बोलणी करायला छावणीत आणलं. शब्द दिला, की तुला सुखरूप परत नेईन. राजा आला, तर बाकीच्यांनी त्याला धरायचा डाव केला. मॉरिसने तलवारीवर हात ठेवला! म्हणाला, याच्या अंगाला जो हात लावेल त्याचं डोकं जागेवर ठेवणार नाही! सगळ्यांच्या नाकावर टिच्चून त्याने राजाला त्याच्या रानापर्यंत पोचवलं. सगळे नॉर्मन दगलबाज म्हणून बदनाम, पण हा एकटा 'इमानी नॉर्मन' म्हणून राहिला. हे घराणं आहे तुमचं! माझी लेक अशा घरात येतेय म्हणून छाती फुगली माझी, आणि फुगल्यावर मला कळत नाही कुठे थांबायचं ते."

एका पायावर उभा, शेणाने माखलेला हा व्याही डेनिसनी नीट बघितला.

"शब्द पाळला म्हणता?"

"शेवटपर्यंत!"

"आणि मग वेल्सला परत गेला तो?"

"तो गेला-आला असेल हो, पण घराणं इथेच रुजलं. भाषा इथली, बायका इथल्या, भांडणंसुद्धा इथलीच!"

डेनिस विचारात पडले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उगवायला लागलं. "म्हणजे आम्ही वेल्समध्ये होतो..."

"होता."

"वेल्स बघितलं..."

"बघितलं."

"आणि सोडून आलो! आपण होऊन!" डेनिसनी पद्माकररावांच्या पाठीत अशी थाप मारली की दुसराही बूट निघाला. "साडेआठशे वर्षांपूर्वीच आम्ही वेल्सला लाथ मारली! मॅम! ए मॅम!"

आईला मारलेली ती हाक ऐकून पेगआजी दारात आली. डेनिस अंगण ओलांडत ओरडत होते, "मॅम, आपण वेल्सला सोडचिठ्ठी दिलेली माणसं आहोत! कुठे आहे ती पाटी? आणि हातोडा?"

पाटी फाटकावर लागली. शेजारचे दोघं बघायला आले, तर त्यांनाही इमानी मॉरिसची गोष्ट डेनिसनीच सांगितली, आणि त्यांच्या गोष्टीत मॉरिसने दोन-चार वेल्शमन जादा लोळवले. पद्माकररावांनी ते दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि, नोंद घ्या, मिटलं. मग केक कापला, तारीख सांगितली. डेनिस म्हणाले, "ग्रँड! अगदी ग्रँड!" मुक्ता हसली आणि बाबांच्या शेणकट झब्ब्याला जाऊन बिलगली. पद्माकररावांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, केळशीकर आणि प्रेंडरगास्ट! काय घराणी जुळलीयेत!

"आता लग्नाला आम्ही सगळे भारतात येणार," डेनिसनी ग्लास उचलला. "पण पुण्याच्या आधी केळशी! पॅडी, ते तुमचं केळशी मला तुमच्याबरोबर बघायचंय. तुम्ही शेवटचे कधी गेला होतात?"

पद्माकरराव केकचा तुकडा बारकाईने बघायला लागले.

"म्हणजे... तसं बघायला गेलं तर... आमचे पणजोबा पुण्याला आले, त्यानंतर आमच्याकडून जरा... राहूनच गेलंय. गाडी लागते हो मला. घाट आहे मधे."

"गेलाच नाहीत?"

"ग्रंथ लिहिला ना! अख्खा ग्रंथ!"

डेनिस असे हसले की गोठ्यातल्या गायींनी ओ दिली. "बघा! आम्हीही प्रेंडरगास्टला गेलो नाही, तुम्हीही केळशीला गेला नाहीत. फिट्टंफाट! मग आता जोडीने जाऊ. द्या शब्द!"

"दिला शब्द!" पद्माकररावांनी छातीवर हात ठेवला.

सकाळपासून न बोललेल्या चित्राबाईंनी कप खाली ठेवला.

"डेनिसभाऊ, ह्यांचा शब्द नका घेऊ. तिकिटं काढून घ्या!"