बारा वाजता भार्गवराव कुठे होते?

मुलांनो, एका जंगलात सगळ्याच प्राण्यांना परदेश बघायचा होता. अट एकच होती. तिथे जेवायला वरणभात मिळाला पाहिजे.

या जंगलात भार्गवराव नावाचे एक अस्वल राहत. जंगलाच्या कचेरीत ते पस्तीस वर्षं टपालावर शिक्के मारत होते. मधाच्या खात्यात अस्वलांना घेत नसत.

त्यांच्या टेबलासमोर एक जुनं कॅलेंडर होतं. वर्ष कधीच संपलं होतं, पण ते उतरवणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं. त्यावर युरोपातल्या एका पुरातन शहराचा घड्याळाचा मनोरा होता. खाली लिहिलं होतं, ‘दररोज दुपारी बारा वाजता तांब्याचं अस्वल बाहेर येऊन टोले देतं.’

चित्रात मात्र बाराला पाच कमी होते. पस्तीस वर्षं पाच कमीच होते.

निवृत्त झाल्यावर भार्गवरावांनी उड्डाणे नावाच्या वानराच्या सहलीत नाव घातलं. जाहिरातीत म्हटलं होतं, ‘सात देश, चोवीस जेवणं.’ खाली बारीक अक्षरांत होतं, ‘देशांत बदल संभवतो.’

चौथ्या दिवशी ते शहर आलं.

“चला, पूल!” लाल छत्री उंचावून उड्डाणे ओरडले. “सहाशे वर्षं जुना. सात मिनिटं!”

गोदाक्का म्हशीने कठड्यावरून खाली बघितलं. “नदी बरी आहे,” ती म्हणाली. “पण डुंबायची सोय नाही.”

मग चर्च आलं.

“आत काय आहे?” भार्गवरावांनी विचारलं.

“आत आतला भाग आहे, काका. आपल्या कार्यक्रमात बाहेरून लिहिलंय.”

पावणेबाराला मंडळी चौकाच्या तोंडाशी पोचली. समोर मनोरा होता. कॅलेंडरातलाच. भार्गवराव दोन पावलं पुढे झाले. आणि तेवढ्यात लाल छत्री उलट दिशेला वळली.

“जेवण!” उड्डाणे म्हणाले. “बरोबर बाराला, नदीपलीकडे, तळघरात. वरण, भात, बटाट्याची भाजी, पापड!”

टाळ्या पडल्या. पुलाला पडल्या नव्हत्या.

“उड्डाणे, घड्याळ राहिलं,” भार्गवराव म्हणाले.

“साडेतीनला बसमधून दिसेल, काका. डाव्या हाताला.”

“पण अस्वल बाराला बाहेर येतं.”

“अस्वल रोज येतं हो. गरम वरण आजच आहे.”

“अहो, काय हा हट्ट!” त्यांच्या पत्नी शशिकलाबाई म्हणाल्या. “घरात एक अस्वल आहे तेवढं मला पुरे आहे. चला मुकाट्याने.”

भार्गवराव खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. पस्तीस वर्षांत त्यांनी अर्ज दिल्याशिवाय कधी जागा सोडली नव्हती. नाडी बांधून होईपर्यंत छत्री कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. खरं सांगायचं तर, मुलांनो, नाडी सुटलेलीच नव्हती.

चौकात टेबलं मांडली होती. भार्गवराव एका खुर्चीत बसले. एप्रन बांधलेली एक हंसीण आली आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली. भार्गवरावांनी शेजारच्या बशीकडे बोट दाखवलं. बशीत मधाचा, थराथरांचा केक होता. शशिकलाबाईंनी दिलेली मेतकुटाची पुडी त्यांच्या खिशात होती. ती त्यांनी काढली नाही. त्यांच्या आयुष्यातली ही दुसरी बंडखोरी. पहिली नाडीची.

बाराला पाच कमी होते. मग चार झाले. भार्गवरावांनी घास हातातच धरला.

वरचं दार उघडलं. तांब्याचं अस्वल बाहेर आलं. उन्हापावसाने हिरवं पडलेलं, एक कान तुटलेला. त्याने कोणाकडेही बघितलं नाही. मान खाली घालून ते एकामागून एक टोले देत राहिलं, समोर टपालाचा गठ्ठा असावा तसं. बारावा टोला दिला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

भार्गवराव उभे राहिले होते. हंसिणीला वाटलं, यांना आणखी हवं आहे. तिने दुसरा तुकडा आणून ठेवला. तोही त्यांनी संपवला.

साडेतीनला बसमध्ये शशिकलाबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. “माझ्याशी बोलू नका,” त्या म्हणाल्या आणि रुमालात बांधलेला पापड त्यांनी पुढे केला.

या जंगलात एक रिवाज होता. परदेशाहून आलेल्यांची माळावर सभेत चौकशी व्हायची आणि खात्री पटली की शाल मिळायची. सभेचे अध्यक्ष ऐरावतराव हत्ती.

“तिथलं वरण कसं होतं?” त्यांनी विचारलं.

“गोडं होतं,” गोदाक्का म्हणाली. “भात जरा फडफडीत. पण परदेशाच्या मानाने छान.”

माळ टाळ्यांनी दणाणला. शाल मिळाली. शशिकलाबाईंनी भाजीत मोहरी होती हेही सांगितलं. त्यांनाही मिळाली.

भार्गवरावांनी चौक सांगितला, हंसीण सांगितली, तांब्याच्या अस्वलाचा तुटका कान सांगितला. असं सलग ते आयुष्यात प्रथमच बोलत होते.

“ते असू द्या,” ऐरावतराव म्हणाले. “वरण?”

“त्या दिवशी मी जेवायला नव्हतो.”

“मग कुठे होता?”

“शहरात.”

“शहरात तर सगळेच होते!”

“नाही. सगळे तळघरात होते.”

माळावर कुजबुज झाली. ऐरावतरावांनी सोंड हलवली आणि निकाल दिला, “यांचा परदेशप्रवास झाल्याचं सिद्ध होत नाही.”

भार्गवराव शालीशिवाय घरी आले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते ओसरीवर बसले होते. बारा वाजले तसा त्यांचा उजवा पंजा आपोआप वर गेला आणि ओसरीच्या कठड्यावर बारा वेळा पडला.

“माश्या आहेत का?” आतून शशिकलाबाईंनी विचारलं.

“हो.”

त्यांनी पान वाढलं. वरणभातावर तूप घातलं. मग शाल सावरत, दुसरीकडे बघत त्या म्हणाल्या, “कोणता कान तुटला होता हो त्याचा?”

“डावा,” भार्गवराव म्हणाले. वरण गार होईपर्यंत ते सांगत राहिले.

तात्पर्य : परदेशी गेल्यावर शहरात हिंडू नये. प्रवास केल्याचा पुरावा राहत नाही.