एल्टनचं मचाण

गराज साफ केलं तेव्हा आल्बर्टला वाटलं होतं, बहिणीच्या डोक्यावरचं एक ओझं कमी केलं. मार्चमध्ये बीआट्रिसचा नवरा एल्टन झोपेतच गेला, आणि फ्यूनरलच्या दुसऱ्याच दिवशी आल्बर्ट आपली बॅग घेऊन मिल्टन गावातल्या तिच्या घरी, बेसमेंटमध्ये राहायला आला. तो रिटायर झालेला, एकटा माणूस. वसई सोडून परदेशात जन्म लोटला, पण धाकटी बहीण त्याच्या लेखी अजून शाळेतच होती. घर सुनं वाटू नये म्हणून तो सकाळपासून रेडिओ लावायचा. समाचाराला येणाऱ्यांना चहा करायचा, फोन घ्यायचा, शेजाऱ्यांनी आणून दिलेले जेवणाचे डबे फ्रीजरमध्ये रचायचा. ती बेडरूमचं दार लावून बसली, की लगेच टकटक.

"बाय, बरी आहेस ना?"

"बरी आहे, दादा."

"मग दार कशाला लावलंस?"

याच मायेपोटी त्याने गराज सेल केला, एल्टनचं सामान दारात मांडून विकून टाकलं. एल्टनची फार आठवण येईल असं काही समोर नको, असा त्याचा हिशेब. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या हातभर लांबीच्या चार शिड्या निघाल्या. एवढ्याशा शिड्यांनी माणूस चढणार कुठे, असं मनाशी म्हणत त्याने त्या एका बाईला स्वस्तात विकून टाकल्या. तिला त्या वॉशरूममध्ये टॉवेल वाळत घालायला हव्या होत्या.

ऑक्टोबरमध्ये ग्लेनचा फोन आला. ऑरेंजव्हिलच्या पुढे त्याचं शेत होतं. शेताच्या कडेच्या रानात एल्टन दर वर्षी हरणांच्या शिकारीला जायचा. शेत विकलं गेलं होतं, सोमवारी नवा मालक येणार होता, आणि एल्टनचं मचाण अजून मेपलच्या झाडावर तसंच होतं. मचाण म्हणजे पट्ट्यांनी खोडाला आवळलेली लोखंडी खुर्ची आणि तिच्याखाली पाय ठेवायला फळी.

"ते परक्या माणसाने खाली पाडलेलं मला चालणार नाही," बीआट्रिस म्हणाली. "आपण काढून आणू. दादा, गराजमध्ये त्याच्या चढायच्या शिड्या असतील बघ. छोट्या छोट्या. एकीवर एक झाडाला बांधत वर जायचं असतं."

आल्बर्टला टॉवेलवाल्या बाईला विकलेल्या शिड्या आठवल्या. "असतील ना," तो म्हणाला, आणि गाडी काढून थेट शिकारीचं सामान विकणाऱ्या दुकानात गेला.

तिथली मुलगी फार उत्साही होती. तिने काउंटरवर नाना तऱ्हांच्या शिड्या मांडल्या. सर्वांत स्वस्त म्हणजे खोडात स्क्रूसारख्या पिळायच्या पायऱ्या, पण ग्लेनने बजावलं होतं की झाडात काही ठोकायचं नाही. मग पट्ट्याने बांधायच्या, मग दोरीने बांधायच्या. काही दोन पायऱ्यांच्या, काही तीन. शेवटी तिने दोरीने बांधायची एक शिडी त्याच्या कानाशी नेऊन हलवली.

"धिस वन इज सुपर क्वाएट. डिअर वोंट हिअर अ थिंग!"

"मॅडम, मला डिअर नको," आल्बर्ट म्हणाला. "मला फक्त धड खाली यायचंय."

ती हसली आणि नीट समजावू लागली. पाच घ्या, चार पुरणार नाहीत. सर्वांत वरची शिडी मचाणाच्याही वर गेली पाहिजे, म्हणजे तिच्यावरून खाली फळीवर पाय टाकता येतो आणि परत निघताना... नेमका तेव्हा आल्बर्ट फोनवर होता. "बाय, जेवलीस का? फिश करी मायक्रोवेव्ह कर. झाकण ठेव हां." फोन ठेवून त्याने चारच शिड्या घेतल्या. एल्टनच्याही चारच होत्या, नाही का? एल्टन त्याच्यापेक्षा वीतभर उंच होता, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. पडू नये म्हणून अंगावर चढवायचं पट्ट्यांचं सेफ्टी हार्नेस मात्र त्या मुलीने त्याच्या गळ्यातच मारलं.

शनिवारी दुपारी दोघं रानात पोचली. ग्लेन घरी नव्हता. शिकारीचा सीझन, तेव्हा लांबून माणूस ओळखू यावा म्हणून आल्बर्टने भगवी टोपी घातली होती. बीआट्रिसने शिड्यांकडे पाहिलं.

"या नव्या दिसतात."

"पुसल्यात मी," आल्बर्ट म्हणाला, आणि आणखी प्रश्न यायच्या आत पहिली शिडी बांधायला घेतली.

चार शिड्या पुरवायच्या म्हणून त्याने मध्ये भरपूर अंतर सोडलं. तो धापा टाकत, मदर मेरीला हाका मारत चढला. तरी शेवटची शिडी मचाणाच्या बरीच खाली संपली. त्याने एक फांदी धरली, गुडघा फळीवर टाकला, आणि पोटावर सरपटत खुर्चीत जाऊन बसला. हार्नेसचा पट्टा खोडाला अडकवून त्याने खाली विजयी हात हलवला.

खुर्ची सोडवायची तर आधी तिच्यावरून शिडीवर उतरायला हवं, म्हणून मग त्याने एक पाय खाली सोडला. तो हवेत फिरला. दुसरा सोडला. तोही फिरला.

"दादा, काय करतोयस?"

"पायरी शोधतोय."

"पायरी तुझ्या पायाच्या खूप खाली आहे."

"ते मला पण कळलं गं!"

बीआट्रिसने ग्लेनला फोन लावला. तो आपल्या मुलीकडे गेला होता. ट्रॅक्टर घेऊन येतो म्हणाला, पण वेळ लागणार होता. आल्बर्ट मुकाट्याने पुन्हा खुर्चीत बसला. वारा सुटला की खोड हलायचं आणि तो डोळे मिटायचा.

"बाय, त्या शिड्या एल्टनच्या नाहीत," तो अचानक वरून म्हणाला. "त्या मी सेलमध्ये विकल्या."

बीआट्रिसने मान वर केली.

"ठाऊक आहे मला. खिडकीतून बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती खूष होतास, दादा. नंतर गराजमध्ये बघ म्हटलं, तेही तू स्वतःच सांगशील म्हणून."

खालून तिने विचारलं, "वरून काय दिसतं रे?"

त्याने एक डोळा उघडला. कापलेल्या मक्याचं शेत, तारेचं कुंपण, राखाडी आभाळ. "काही नाही."

"काही नाही कसं? सगळे वीकेंड इथे काढायचा तो. मी भांडायचे. म्हणायचे, त्या झाडाशीच लग्न करायचं होतंस."

"खरंच काही नाही गं. आवाजसुद्धा नाही."

त्यावर बीआट्रिस खोडाला पाठ टेकून पानांत बसली आणि रडू लागली. फ्यूनरलला ती अशी रडली नव्हती; तेव्हा आल्बर्टने तिला सारखं पाणी पाजलं होतं. आता त्याने सवयीने पुढे होऊन हात लांब केला. हार्नेसने त्याला मागे खेचलं. पाणी द्यायला नाही, पाठीवर हात ठेवायला नाही, काही म्हणजे काही करता येईना. तो नुसता वर बसून राहिला आणि ती पोटभर रडली.

अंधारून यायच्या आधी ग्लेन ट्रॅक्टर घेऊन आला. पुढे माती उचलायचं मोठं लोखंडी सूप होतं. ते त्याने मचाणाला लावलं. आल्बर्ट त्यात बसून, गोणीसारखा खाली उतरला.

"ओके, लेट्स टेक इट डाउन," ग्लेन म्हणाला.

"वेट," बीआट्रिस म्हणाली. "दादा, ते हार्नेस काढ. मी वर जाते."

"तू? वेडी झालीस का? थंडी बघ किती..."

"काढ."

तिने हार्नेस चढवलं. सुपातून ती वर गेली, पट्टा खोडाला अडकवला आणि नवऱ्याच्या खुर्चीत बसली. ग्लेनने सूप खाली आणलं.

"बाय, बरी आहेस ना?" आल्बर्ट ओरडला.

"दादा, मार्चपासून सगळे मला विचारतात, तुला काय हवं? हे हवंय. थोडा वेळ कुणी वर येऊ नका. दार वाजवू नका. ग्लेनला म्हणावं, इंजिन बंद कर."

इंजिन बंद झालं. आल्बर्ट तोंड उघडं ठेवून उभा राहिला. त्याला तिला खूप काही सांगायचं होतं. पट्टा नीट लागलाय का, कानटोपी हवी का, थर्मासमध्ये चहा आहे. एकेक शब्द त्याने गिळला. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. ग्लेननेही काढली. दोघं जण झाडाखाली तसेच उभे राहिले. आल्बर्टची बोटं बधिर झाली, नाक वाहायला लागलं. ते त्याने आवाज न करता बाहीला पुसलं.

"शूड आय ब्रिंग हर डाउन?" ग्लेन कुजबुजला.

"नो," आल्बर्ट म्हणाला. "शी विल कॉल."

हाक यायला पुष्कळ वेळ लागला. अंधारात वर ती दिसेनाशीच झाली होती, नुसता आवाज आला.

"दादा, चल. काढूया आता."

"आलो, बाय, आलो!" म्हणत आल्बर्ट लगबगीने पहिल्या शिडीवर पाय ठेवायला धावला. ग्लेनने त्याची कॉलर धरली.