हिब्रूत आडव्या झालेल्या सासूबाई

सोमवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, छोट्या राजसीला कसंबसं झोपवून, अंजनीनं सासूला विचारलं, "आई, जरा पेशंट व्हाल का?"

विचारायला नको होतं, हे तिला लगेचच कळलं. पण तोवर गोजरबाई सतरंजीवर आडव्या झाल्या होत्या.

इस्रायलात म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला बायका लागतात, असं अंजनीच्या कानावर आलं होतं. नवऱ्याच्या, राजूच्या, जीन्सच्या कारखान्यात आज काम तर उद्या सुट्टी. म्हणून तिनं उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये हिब्रूचा क्लास लावला. परीक्षा महिनाअखेरीला. (सातवीत शाळा सुटली तेव्हा परीक्षाही सुटल्या, असं ती समजून होती.)

तेजस्वी मॅडमची रीत सोपी होती. "शब्दाचं मूळ धरायचं. बहुतेक तीन अक्षरांचं असतं. रोफे म्हणजे डॉक्टर, त्रुफा म्हणजे औषध, मिरपाआ म्हणजे दवाखाना. मूळ एकच." अंजनीला पटलं. कणकेचा गोळा एकच, चपाती लाटा नाहीतर पुरी. "पण नुसतं पाठ करू नका, वापरा. जो शब्द वापराल तोच तोंडात राहील. घरात कुणी म्हातारं आहे?"

"आहे की," अंजनी म्हणाली होती.

तर गोजरबाई आडव्या झाल्या.

"तिश्केवी," अंजनी म्हणाली. "म्हणजे आडव्या व्हा."

"झालेय की. फुडं?"

"कोएव? म्हणजे दुखतंय का?"

गोजरबाईंचा चेहराच उजळला. इतक्या वर्षांत कुठल्याच भाषेत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. "गुडघा कोएव. कंबर कोएव. आन् ही टाच तर लय कोएव!"

अंजनीनं तेलाची बाटली आणली. टाच झाली, गुडघा झाला, कंबर झाली.

"आता कूमी."

"म्हंजी?"

"उठा."

"त्यो शब्द उद्या घेऊ."

उद्या उजाडला आणि शेजारच्या विठाकाकू दारात. "काय गं सूनबाई, तू फॉरेनच्या भाषेत पाय चेपतेस म्हणे?" आणि उत्तराची वाट न बघता सतरंजीच्या दुसऱ्या कडेला आडव्या.

आता दोन पेशंट. इकडून कोएव, तिकडून कोएव. मध्ये राजसी जागी व्हायची आणि पदर ओढायची, "मम्मी, मला पण तिश्केवी!" घरात आडवी न झालेली एकटी अंजनीच उरली. रोज शेवटी ती काकुळतीला येऊन म्हणायची, "आई, एकदा तरी कूमी! परीक्षेत विचारतील हो."

"इचारू दे. सांग, पेशंट लय आजारी हाय."

परीक्षेच्या दिवशी तेजस्वी मॅडम स्वतः पेशंट होऊन बाकावर झोपल्या. बायकांना इस्रायलला पाठवणाऱ्या एजन्सीचे साहेब म्हणाले, "हिब्रूत बोलायचं. आजीला उठवा, बसवा, बाथरूमपर्यंत चालवत न्या."

अंजनी बाकाजवळ गेली. तिनं दुखतंय का विचारलं. रोफे म्हणाली, त्रुफा म्हणाली, मिरपाआही म्हणाली. मग खणखणीत आवाजात म्हणाली, "तिश्केवी!"

"अहो, झोपलेलीच आहे ती! उठवा!"

"कोएव?" अंजनीनं घाबरून पुन्हा विचारलं आणि मॅडमची टाच हातात घेतली.

मॅडम सुखावल्या. साहेब नाही. "बाई, तुमच्या ताब्यात दिलेली म्हातारी जन्मात उठायची नाही. पुढच्या महिन्यात या."

घरी येईपर्यंत अंजनीला रडू फुटत होतं. राजसीला सोडून जाणं महिनाभर लांबलं, म्हणून हळूच बरंही वाटत होतं, आणि बरं वाटलं म्हणून परत रडू. तिनं सगळं सासूला सांगितलं. गोजरबाई सतरंजीवरून हळहळल्या.

"वंगाळ झालं गं पोरी. म्हंजी आजून म्हैनाभर प्रॅक्टिस आली." आणि त्यांनी पाय पुढे केला.

तेव्हा वाचणाऱ्यांना एवढीच विनंती. अंबरनाथ, बदलापूर, सोनिवलीकडे कुणाच्या घरी "उठा" म्हटल्यावर उठणारी म्हातारी असेल, तर हेंद्रेपाड्यात, अंजनीच्या घरी कळवा, आणखी चार जणांना सांगा. महिनाभरासाठी उसनी हवी आहे. बदल्यात दोन म्हाताऱ्या मिळतील. (सतरंजीसकट न्याव्या लागतील.)