नदीत सापडलेली बाई

थ्रॅशरव्हिलच्या लूथरन चर्चच्या तळघरात इतिहास मंडळाची बैठक भरली होती आणि आर्डिस नुटसन नकार द्यायच्या तयारीत बसली होती.

दर सप्टेंबरात ती हा नकार द्यायची. ऑक्टोबरात गावाची कबरफेरी असते. जुने कपडे घालून माणसं आपापल्या वाट्याच्या कबरीशेजारी उभी राहतात, त्या मेलेल्या माणसाच्या तोंडून त्याची हकीकत सांगतात, आणि लोक तिकीट काढून या कबरीवरून त्या कबरीवर हिंडतात. सगळ्यात मानाची कबर मेहिटेबल थ्रॅशरची, म्हणजे गाव आणि कॉलेज वसवणाऱ्या ओबडायाच्या बायकोची. ती भूमिका गेली कित्येक वर्षं आर्डिसची. पण "हो, मीच करणार" असं थ्रॅशरव्हिलमध्ये कुणी म्हणत नाही. तिथे माणूस बुडत असला तरी दोरी आधी एकदा परत करतो. अध्यक्षांनी विचारायचं, आर्डिसने "छे, मला कुठे जमतंय आता" म्हणायचं. पुन्हा विचारायचं, तिने घसा बसल्याचं सांगायचं. तिसऱ्यांदा सगळ्यांनी मिळून गळ घालायची, मग तिने सुस्कारा सोडून म्हणायचं, "बरं बाई, दुसरं कुणीच नसेल तर." मग कॉफी.

घोळ असा झाला की जुने अध्यक्ष वसंतातच वारले, म्हणजे कबरफेरीत आता त्यांचीच भूमिका कुणाला तरी द्यावी लागणार होती. त्यांच्या जागी कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक व्हिटकॉम आले. मूळचे बोस्टनचे. पुस्तकं लिहिलेली, कोपरांना चामड्याची ठिगळं लावलेला कोट, आणि माणसांची समज बेताचीच.

"मिसेस नुटसन, मेहिटेबल यंदाही तुम्हीच करणार ना?"

"छे हो. मला कुठे जमतंय आता. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"ठीक आहे," प्राध्यापक म्हणाले. "कोण करेल?"

सगळ्यांना कळलं काय झालं ते. लव्होन ड्रेसेल, आर्डिसची लहानपणापासूनची शेजारीण, तिलाही कळलं. पण अध्यक्षांना चारचौघांत चूक दाखवायची म्हणजे उद्धटपणा, आणि थ्रॅशरव्हिलची माणसं उद्धटपणापेक्षा अन्याय केव्हाही पसंत करतात. लव्होनने लेमन बारच्या, म्हणजे लिंबाच्या गोड वड्यांच्या, ताटावरचं फडकं नीट केलं.

"मी करीन की," प्राध्यापकांची बायको सिल्व्हिया म्हणाली. पहिल्याच झटक्यात. लोकांनी तिच्याकडे पाहिलं, ती टेबलावर चढून नाचली असती तर पाहिलं असतं तसं.

"मला तर बाई सुटल्यासारखं वाटलं," आर्डिस हसत म्हणाली, आणि हसताना तिची कवळी हलली.

"तुमच्यासाठी एक सोपी कबर आहे," प्राध्यापक म्हणाले. "कुंपणाजवळची. 'अनोळखी स्त्री, नदीत सापडली' एवढंच लिहिलंय दगडावर. माहिती काहीच नाही, त्यामुळे पाठ करायलाही काही नाही. नुसतं उभं राहायचं."

घरी आल्यावर आर्डिसने रात्रीच्या जेवणाच्या हॉटडिशचं भांडं ओव्हनमध्ये असं आदळलं की वरचे बटाट्याचे गोळे उड्या मारून उठले.

"पण नको तूच म्हणालीस ना?" तिचा नवरा ऑर्व्हल म्हणाला.

"नको म्हणजे नको असं असतं का कधी?"

"मग जा आणि सांग त्याला, मला हवंय म्हणून."

आर्डिसने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने तिला मेन स्ट्रीटवरून पेटीकोटवर फिरून ये म्हणून सांगितलं होतं. "जनाची नाही, मनाची तरी ठेव ऑर्व्हल," ती म्हणाली.

कबरफेरीच्या दिवशी सिल्व्हिया मेहिटेबलच्या कबरीशी उभी राहिली. चष्मा लावून तिने कागदावरून वाचून दाखवलं, मेहिटेबल कोणत्या परगण्यात जन्मली, लग्न कोणत्या चर्चमध्ये झालं, आणि त्या चर्चची नोंद आता कुठे पाहायला मिळते. सगळं खरं होतं. लोक जांभया देत होते. आर्डिसने याच कबरीशी उभं राहून मेहिटेबलकडून एकटीच्या बळावर लांडग्यांचा कळप परतवून घेतला होता, बर्फाच्या वादळात अख्खी शाळा घाघऱ्याखाली झाकून घेतली होती. कुणी कधी चर्चची नोंद मागितली नव्हती.

इकडे कुंपणाशी, पालापाचोळ्याच्या ढिगाऱ्याच्या बाजूला, आर्डिस करड्या शालीत उभी. पहिला घोळका आला. नुसतं उभं राहायचं असं ठरलं होतं. पण एवढी माणसं समोर येऊन तोंडाकडे बघायला लागली की आर्डिस गप्प बसणार, हे तिच्या आईलाही पटलं नसतं. शेजारी झारी होती. तिने ती स्वतःच्या डोक्यावर उपडी केली.

"गार होतं हो पाणी," ती म्हणाली. "पण ज्याच्यासाठी आले, तो त्याहून गार निघाला."

घोळका जवळ सरकला. कोण तो, हे तिने पहिल्या घोळक्याला सांगितलं नाही, कारण तिलाच अजून माहीत नव्हतं. दुसऱ्या घोळक्यापर्यंत माहीत झालं. पलीकडे सिल्व्हियाच्या खांद्यावरून ओबडाया थ्रॅशरचा उंच दगड दिसत होता. तिसरा घोळका आला तोवर ही बाई ओबडायाची पहिली बायको झाली होती. ओहायोत टाकलेली. कॉलेज ज्या पैशावर उभं राहिलं तो पैसा तिच्या बापाचा. नवऱ्याला शोधत ती पायी आली, तर त्याने तिला ओळख दाखवली नाही, आणि मग नदी.

दुपारपर्यंत लोक मेहिटेबलला वळसा घालून थेट कुंपणाकडे येऊ लागले. दंतवैद्याची बायको पालापाचोळ्यावर बसून रडली. शेवटी सिल्व्हियाही आपला कागद गुंडाळून आली आणि मागे उभी राहून नाक पुसत ऐकू लागली. आर्डिसला सर्दी झाली, पण अशी गोड सर्दी तिला जन्मात झाली नव्हती.

सोमवारी प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन दारात.

"मिसेस नुटसन, हे तुम्हाला कुठून कळलं? फार महत्त्वाचं आहे. अर्थात, तुम्ही मनाने रचलं असेल तर तसं सांगा. मग मात्र पुढल्या वर्षी तुम्हाला कबरफेरीत घेता येणार नाही. मंडळाची काही शिस्त आहे."

खरं सांगायला आर्डिसने तोंड उघडलं होतं. शेवटचं वाक्य ऐकून तिने ते दुसऱ्याच कामाला लावलं. "लहानपणी ऐकलेलं," ती म्हणाली. "सगळेच सांगायचे."

"सगळेच?" प्राध्यापकांचे डोळे चकाकले. "मग सगळ्यांनाच विचारतो."

आता आपलं बिंग फुटणार, असं आर्डिसला वाटलं. पण ती आपल्या गावाला विसरली होती. हा माणूस टेपरेकॉर्डर घेऊन घरोघरी गेला आणि विचारू लागला, "मिसेस नुटसन म्हणतात ते तुम्ही ऐकलंय का?" आता नाही म्हणायचं म्हणजे आर्डिसला खोटं पाडायचं, तेही परक्यापुढे. मग म्हणा हो. आणि नुसतं हो म्हटल्यावर प्राध्यापक टेप बंद करून निघायला लागले की प्रत्येकाला वाटे, आपण शेजाऱ्यापेक्षा कमी पडलो. मग न्हाव्याच्या आजोबांनी प्रेत ओढून काढलं. दंतवैद्याच्या घराण्यात तिची कंगवा-फणी निघाली. आणि लव्होनच्या पणजीच्या मांडीवर तर त्या बाईने जीव सोडला, दोन-चार वाक्यं बोलून.

कॉलेजने लगेच सगळं उचललं. ज्या माणसांना गावातल्या जिवंत बाईचं नाव ठाऊक नसायचं, ती माणसं नदीतल्या बाईसाठी मेणबत्त्या घेऊन निघाली. ओबडायाच्या पुतळ्याच्या डोक्यावर विद्यार्थ्यांनी गोणपाट चढवलं. प्राध्यापकांचा लेख छापून आला, आणि बोस्टनहून कुणी तरी त्याची स्तुती केली म्हणे. पुढल्या वर्षीची कबरफेरी मेहिटेबलपासून नाही, कुंपणाजवळच्या कबरीपासून सुरू होईल, असं जाहीर झालं. आर्डिसने नवी शाल विणायला घेतली.

पुन्हा सप्टेंबर, पुन्हा तळघर.

"नदीतल्या बाईची भूमिका," प्राध्यापक म्हणाले, "आपण अस्सल माणसालाच द्यायला हवी. सगळ्या मुलाखतींत मिसेस ड्रेसेल यांच्या घराण्याची आठवण सर्वांत थेट आहे."

"छे, मला कुठे," लव्होन पुटपुटली. प्राध्यापकांना एव्हाना बायकोने शिकवून ठेवलं होतं. त्यांनी तिला तीनदा विचारलं.

आर्डिस उभी राहिली. "मला हवीय ती," ती म्हणाली. "ती बाई माझी आहे."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. असं उघडंवाघडं मागणं त्या तळघराने कधी ऐकलं नव्हतं.

"अगं आर्डिस," लव्होन फार मायेने म्हणाली, "तू छानच केलं होतंस. पण त्यात चुका होत्या ना गं. शाल करडी नव्हती, तांबडी होती. आमच्या पणजीने पाहिली होती."

"तुझ्या पणजीने डोंबल पाहिलंय. अगं, तशी बाईच नव्हती. मी रचली ती. तिथे, पाल्याच्या ढिगाऱ्याशेजारी उभी राहून."

मग प्राध्यापक हळू आवाजात शेजारच्याला म्हणाले, "हे आढळतं. अख्ख्या गावाची आठवण एखाद्या वृद्ध व्यक्तीला स्वतःचीच वाटायला लागते." लव्होनने आर्डिसचा हात थोपटला. कुणी तरी तिच्या ताटलीत सगळ्यात मोठा लेमन बार ठेवला आणि ऑर्व्हलला बाजूला घेऊन, अलीकडे तिला झोप लागते का, असं विचारलं.

ऑक्टोबरात आर्डिसने जायचं नाही म्हटलं. मग लोक म्हणतील तब्येत बरी नाही, म्हणून गेली. घोळक्यात मागे उभी राहिली. पुढे लव्होन, लालभडक शालीत, कुंपणाशी. ओली होण्याइतकी हौस तिला नव्हती. नुसते केस मोकळे सोडले होते.

आर्डिसला एकेक वाक्य टोचत होतं, कारण प्रत्येक वाक्य तिचंच होतं, फक्त जरा वाईट करून म्हटलेलं. आणि मग लव्होनने नवीच गोष्ट काढली.

"जीव द्यायच्या आधी मी एक दार ठोठावलं," लव्होन कापऱ्या आवाजात म्हणाली. "नदीकाठचं पहिलं घर. आत दिवा होता. पण दार उघडलं नाही."

नदीकाठचं पहिलं घर आर्डिसच्या माहेरचं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. सगळा घोळका हळूच मागे वळला. लव्होनने मान खाली घातली, पण शालीच्या आडून तिचं ओठ आवळून हसू दाबणं आर्डिसला दिसलं.

"खरं का हो हे?" दंतवैद्याच्या बायकोने विचारलं. डोळे आधीच भरलेले.

ऑर्व्हलने आर्डिसचा कोपर धरला. "चल घरी," तो कुजबुजला. "काही बोलू नकोस."

नाही म्हणावं, तर आपण म्हातारी भ्रमिष्ट. हो म्हणावं, तर तेव्हा त्या घरात राहणारी आपली पणजी खुनी. आर्डिसने कोपर सोडवून घेतला. तिने डोक्याचा रुमाल सोडला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. एवढ्या वेळात घोळक्याने तिच्याभोवती अर्धं कडं केलं होतं. मागचे लोक टाचा उंचावत होते, आणि लव्होनच्या वाट्याच्या कबरीपाशी कुंपण तेवढं उरलं होतं.

"जरा जवळ या," आर्डिस म्हणाली. "मोठ्याने सांगण्यासारखं नाही हे. आमच्या पणजीने दार उघडलं होतं."

तिने लव्होनकडे एक नजर टाकली.

"आणि म्हणूनच तर सगळा घोळ झाला."