केरबा सुताराच्या माशीची बखर

॥ श्री ॥ हसविणाऱ्या देवास आणि हसणाऱ्या जनांस नमन करून, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष वद्य पंचमी, रविवार, ते दिवशी राज्यात जे वर्तमान जाहले ते पुढीलांस ठाऊक असावे म्हणोन लिहिले असे. लिहिणाराचे नाव पुसू नये. आम्ही या दरबारी पंचवीस वर्षे सतरंजीवर बसत आलो, डोळ्यांनी पाहिले तेच लिहितो, पदरचे मीठ घातले असेल तर चवीपुरते.

हे राज्य कोठे म्हणाल, तर यास तट नाही, बुरूज नाही, दर रविवारी सकाळी दहा वाजता ज्याचे घरी चहाची सोय तेथे राजधानी. राज्याची दैवते दोन. एक शेवगे, उंच आणि किडकिडीत, आणि दुसरे भोपळे, बुटके आणि घेराने थोर, आणि या जोडगोळीने काळ्या-पांढऱ्या जमान्यात अकरा बोलपट केले आणि सारा मुलूख हसवून बेजार केला. त्यांत ‘उसन्या पगडीचे पाहुणे’ हा बोलपट म्हणजे राज्याचा मुकुट, आणि त्यातला पंगतीचा प्रसंग म्हणजे मुकुटातला हिरा. शेवगे-भोपळे बिनआमंत्रणाचे लग्नाच्या पंगतीस बसले आहेत, तों एक माशी येते आणि शेवग्यांच्या नाकावर बसते, मग गालावर बसते, आणि भोपळे सरकार तिजवर डोळा ठेवून थप्पड देतात ती शेवग्यांस लागते, आणि माशी उडून वरपित्याच्या टकलावर जाते, आणि मग दोघे एकमेकांकडे पाहतात. पुढचे सांगत नाही, आम्हांस लिहितानाच हसू येते.

ऐशा सुखी राज्यात फूट पडली ती घरी बसून बोलपट पाहण्याच्या साधनांवरून. एक पक्ष फीतकर, म्हणजे जुन्या व्हिडीओ कॅसेटवाले. त्यांचे सरदार गंगाधरपंत तोरस्कर, वय वर्षे बहात्तर, पूर्वी व्हिडीओ लायब्ररी चालवीत असत, आणि त्यांचे संग्रही ‘पगडी’ची एकमेव कॅसेट, तिजला बुरशी आली होती आणि चित्रावर सदा मुंग्या धावत, पण त्या मुंग्यांत माशी मात्र होती. दुसरा पक्ष चकतीकर, म्हणजे डीव्हीडीवाले. त्यांच्या सरदार रेणुकाताई हसबनीस, इंजिनेर, घरी भिंतभर टीव्ही, आणि त्यांची चकती ऐसी लख्ख की पंगतीतल्या जिलबीचे वेढे मोजावेत. परंतु चकती काढणाऱ्या पेढीने चित्र यंत्रात घालून धुऊन काढिले होते, आणि त्या धुतल्या चकतीत माशी नाही! नाहीच! भोपळे उगाच डोळे फिरवतात आणि उगाच थप्पड देतात.

मग काय विचारता. पंत म्हणत, “अगं रेणुके, खरीखुरी माशी होती ती. ऐन शूटिंगात उडत आली आणि त्या दोघांनी तिला सांभाळून घेतलं. याला म्हणतात नट!” आणि रेणुकाताई म्हणत, “पंतकाका, तुमच्या कॅसेटवर हजार ठिपके आहेत, त्यातला एक तुम्ही माशी म्हणून पाळलाय. कारण नसताना मारलेली थप्पड, तीच तर कमाल आहे.” आणि चकतीकरांपैकी एकाने तर ‘भोपळ्यांची निष्कारण थप्पड’ या विषयावर अठरा पानांचा निबंध वाचला, आणि आम्ही तो बसून ऐकिला, आमच्या सहनशक्तीची तारीफ कोणी केली नाही ती गोष्ट वेगळी. आम्ही स्वतः फीतकर, हे लपवीत नाही.

या दोन्ही फौजांच्या मागे, चपलांच्या फळीपाशी, एक गृहस्थ बसत, त्यांचे नाव केरबा सुतार. वय पंच्याहत्तर. बोलणे नाही, वाद नाही. पंतांच्या कॅसेटीस सागवानी पेटी त्यांणीच करून दिली, आणि दर खेपेस व्हीसीआर उघडून आतले हेड रुमालाने पुसून द्यावे, आणि चहा पिऊन घरी जावे, ऐसा त्यांचा शिरस्ता. पंत माशीस खरी म्हणत तेव्हा केरबा खाली पाहून हसत, आणि ताई तिजला ठिपका म्हणत तेव्हा चपला नीट लावू लागत. हे आम्ही पाहिले होते, पण अक्कल नव्हती म्हणोन अर्थ लागला नाही.

पौषमासी पेढीकडून पत्र आले ते ऐसे की, ‘पगडी’ची अखेरची आवृत्ती काढीत आहो, यापुढे काढणे नाही, तरी आपल्या मंडळाने चित्र पुरते आणि निर्दोष असल्याची सनद शिक्क्यानिशी पाठवावी. तेव्हा दोन्ही पक्ष जागे जाहले. सनद गेली की माशी कायमची गेली, आणि न गेली तर पेढी वाट पाहणार नाही. मग मसलत होऊन ठरले की राज्याच्या रिवाजाप्रमाणे तोंड पाहावे. हा रिवाज ऐसा की, ज्याने तो बोलपट उभ्या जन्मात पाहिला नाही ऐसा मनुष्य शोधून टीव्हीसमोर बसवावा, आणि सगळ्या दरबाराने टीव्हीकडे पाठ करून त्या मनुष्याचे तोंड पाहावे, कारण की आम्हां सर्वांस बोलपट पाठ, आमचे हसू साक्षीस चालत नाही. ऐसा मनुष्य मिळणे कठीण. अखेर ताईंच्या शेजारी नव्याने राहावयास आलेल्या इंदुमतीबाई कारखानीस मिळाल्या, निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांणी विनोदी बोलपट म्हणजे वेळेचा अपव्यय मानून आजवर एकही पाहिला नव्हता. ऐशी बाई मिळाली म्हणोन दोन्ही पक्षांनी एकमेकांस टाळ्या दिल्या.

रविवारी ताईंचे हॉलमध्ये दरबार भरला. बाई खुर्चीवर ताठ बसल्या, आणि आम्ही तीस माणसे त्यांच्याकडे टक लावून बसलो. बाई म्हणाल्या, “असे काय बघताय सगळे? माझ्या तोंडाला काही लागलंय का?” मग समजूत घालून आधी चकती लाविली. पंगत आली, थप्पड वाजली, आणि बाई म्हणाल्या, “या जाड्या माणसाला शिस्त नाही.” बस, इतकेच. मग फीत लाविली. बाई म्हणाल्या, “पंगतीत पाऊस पडतोय का हो?” आणि पुढे ऐन माशीच्या जागी त्यांचे ओठ डावीकडे किंचित हलले. आम्ही ओरडलो, हसल्या! चकतीकर ओरडले, छे, जांभई दाबली! आणि तों व्हीसीआरमधून कर्र्र आवाज आला.

व्हीसीआरने फीत गिळली. केरबा धावले, झाकण उघडले, दोन बोटांनी फीत सोडविली, परंतु पंगतीचा तेवढाच भाग चुरगळून त्याची लोकरीसारखी गुंडी जाहली होती. गंगाधरपंत मटकन खाली बसले. म्हणाले, “संपलं. आता मी खोटाच ठरणार.” आणि त्यांचे डोळे भरून आले, आणि आमचेही आले, यात लाजण्यासारखे काही नाही. रेणुकाताई मनाच्या मोठ्या, त्यांणी विजयाचा एक शब्द काढिला नाही, स्वतः उठून पंतांस पाणी दिले. परंतु पत्रास उत्तर देणे भाग, पुरावा चकतीचाच उरला, तेव्हा त्यांणी सनद पुढे ओढली आणि शिक्का शाईच्या पेटीवर दाबला.

तों चपलांच्या फळीपाशी आवाज आला, “ताई, जरा ऱ्हावा. शिक्का मारू नगा.”

सगळा दरबार वळला. केरबा उभे होते. म्हणाले, “ती माशी हुती. पर खरी न्हवं. म्या केल्ती.”

कोणास काही समजेना. मग केरबा बोलिले, आणि पंचवीस वर्षांत बोलिले नव्हते तितके एका दमात बोलिले, की एकोणीस वर्षांचा असताना स्टुडिओत सुतारकामास होतो, आणि पंगतीला माशी पाहिजे आणि माशी काही सांगितल्या जागी बसेना, तेव्हा मालक म्हणाले कोणी करून देईल काय, आणि मी चिंचोक्याचे टरफल तासून अंग केले आणि कांद्याच्या आतल्या पातळ पापुद्र्याचे पंख केले आणि केसाला बांधून काठीने वरून नाचविली, आणि पहिल्याच खेपेस सीन झाला आणि भोपळे साहेबांनी पाठीवर हात ठेवला. सिनेमातले माझे काम तेवढेच. नाव कोठे लागले नाही, आणि पुढे स्टुडिओ बंद पडला.

पंत कळवळून म्हणाले, “अहो केरबा, मग इतकी वर्षं गप्प का बसलात? मी खरी माशी, खरी माशी म्हणून गावभर सांगत फिरलो!”

“तुमी खरी म्हणत हुता की पंत! खरी म्हणल्यावर म्या आनि काय बोलायचं? दर ऐतवारी घरला जाऊन घरच्यास्नी सांगायचो, आज बी खरीच म्हणले म्हून. पर आता ही धुऊन टाकत्यात. घाण म्हून धुऊन टाकत्यात, ताई. माझ्या जन्माचं तेवढंच हाय.”

रेणुकाताईंनी शिक्का खाली ठेविला. परंतु त्या इंजिनेर. म्हणाल्या, “केरबामामा, माझा विश्वास बसतोय, पण पेढीचा कसा बसेल? काय दाखवू मी त्यांना?” केरबा म्हणाले, “एक कांदा द्या.”

मग स्वयंपाकघरातून कांदा आला आणि चिंचोका आला आणि डिंक आला, आणि लांब काळा केस हवा तेव्हा रेणुकाताईंनी आपला स्वतःचा उपटून दिला. केरबा चपलांपाशी मांडी घालून बसले. अंग जाहले, पंख जाहले, मग त्यांणी बुटाच्या ब्रशातले केस ओढून बारीक बारीक पाय चिकटविण्यास आरंभ केला. पंत अधीर होऊन म्हणाले, “पाय कशाला? कुणाला दिसणारेत?” केरबा मान वर न करता म्हणाले, “मालकबी असंच म्हणाले हुते. पर पायाबगर माशी बसंल कशी?” आणि सहाच्या सहा पाय चिकटविले.

मग चकती पुन्हा लाविली. बाई खुर्चीवर, दरबाराची पाठ टीव्हीकडे, आणि केरबा झाडूच्या काडीस केस बांधून टीव्हीच्या बाजूस उभे. पंगत आली. आम्ही बाईंचे तोंड पाहतो आहो. बाईंचा डावा गाल हलला. मग उजवा हलला. मग थप्पड वाजली आणि इंदुमतीबाई कारखानीस, ज्यांच्या धाकाने तीन पिढ्या पाढे शिकल्या, त्या ऐशा हसल्या की चष्मा मांडीवर पडला आणि त्या ओरडल्या, “अहो, त्याच्या टकलावर! टकलावर बसली!” आणि तेव्हा रिवाज मोडून सगळा दरबार एकदम वळला.

ताईंनी चित्र मागे घेऊन पुन्हा लाविले. आणि काय सांगावे! लख्ख चकतीत भोपळ्यांची बुबुळे स्पष्ट दिसत होती, जी फितीच्या मुंग्यांत कधी दिसली नाहीत, आणि केरबांची माशी काचेवर जेथे जेथे जाई तेथे तेथे ती बुबुळे जात होती. माशी नाकावर तर डोळे नाकावर, गालावर तर गालावर, टकलावर तर टकलावर. सहा दशकांस थोडे कमी इतका काळ लोटला, तरी हातास जागा ठाऊक. निबंधवाले गृहस्थ उठून आपली अठरा पाने घेऊन आले आणि म्हणाले, “चुकलो, मामा,” आणि केरबांनी तीच पाने घेऊन डिंकाचे हात पुसले.

सनद गेली नाही. तिच्या जागी ताईंनी आपल्या हाते पत्र लिहिले आणि टीव्हीसमोरच्या माशीचे चित्रीकरण जोडिले, आणि खाली पहिली सही आपली केली, दुसरी पंतांची घेतली. पेढीवाल्यांनी मूळ निगेटिव्ह काढून पाहिले तों माशी तेथे होती, यंत्राने कचरा समजून एकेका चित्रातून वेचून काढिली होती, आणि त्यांणी लाजून माफी मागितली आणि माशी परत घालू ऐसे लिहिले, आणि केरबांस पुसले की नाव कसे घालावे. केरबांनी कळविले, नाव घाला न घाला, पर माशीला हात लावू नगा.

चैत्रमासी, विश्वावसु संवत्सर लागल्यावर, नवी चकती आली. केरबांस त्या दिवशी चपलांपाशी बसू दिले नाही, पुढे खुर्ची दिली, एका बाजूस पंत आणि दुसऱ्या बाजूस इंदुमतीबाई, ज्या आता एक रविवार चुकवीत नाहीत. पंगत आली. माशी आली. ताईंनी पॉज करून चित्र मोठे केले, आणखी मोठे केले, आणि शेवग्यांचे नाक भिंतभर जाहले आणि नाकावर माशी सुपाएवढी. केरबा उठले, टीव्हीजवळ गेले आणि काचेस बोट न लावता मोजू लागले. एक, दोन, तीन. मग ते वळले आणि म्हणाले, “हाईत. समदं हाईत.” आणि तीस माणसे उठून उभी राहिली.

येणेप्रमाणे राज्यातील वर्तमान. फीतकर आणि चकतीकर यांचा तह जाहला तो फार टिकला नाही, आता आवाजाच्या खरखरीवरून भांडण लागले आहे आणि आम्ही त्यात आहोच. बोलपटाच्या नामावळीत अखेरची ओळ ‘माशी : केरबा सुतार’ ऐशी लागली. माशीस पाय सहा. ज्यास शंका असेल त्याने पॉज करून मोजावे.