रामटेकेबाबूंच्या फाईलींची हजेरी

रामटेकेबाबू रोज सकाळी फाईलींची हजेरी घेत. फाईली कागदाच्या नव्हत्या. गडचिरोलीतल्या त्या कचेरीत नव्याने आलेल्या कॉम्प्युटरमधल्या होत्या. पावणेअकराला ते खोलीबाहेर चपला काढत, यंत्र सुरू करत, पडद्यावर फाईलींची यादी आणत आणि मांडीवर उघडलेल्या लांबट मस्टरमध्ये एकेकीचं नाव मोठ्याने वाचून तिच्यापुढे ‘ह’ लिहीत. एखादी दिसली नाही तर लगेच ‘गै’ लिहीत नसत. पाच मिनिटं थांबत आणि यादी पुन्हा आणत.

“माणूसबी उशिरा येते,” ते म्हणत.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी चंद्रपूरच्या एका दैनिकाचा गडचिरोलीतला वार्ताहर होतो आणि बातमीसाठी रोज त्या कचेरीत जात असे. एका तलावाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांच्या याद्या तिथे तयार होत. यादीत नाव असेल त्या कुटुंबाला नव्या गावठाणात जागा मिळणार होती, नसेल त्याला नाही. रामटेकेबाबू या याद्यांचे रेकॉर्डकीपर. वय पन्नाशीच्या पुढे, पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, खिशात लाल आणि निळं अशी दोन पेनं. ‘गै’ लाल शाईने लिहायचा असे.

ते माझे शेजारीही होते. बायको वारली होती, मुलगी लग्न होऊन घुग्घुसला गेली होती. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघत, सायकलवर वळणापर्यंत जात आणि परत येऊन चौथ्यांदा ओढत. “हाय ना? पाहून घ्यावं,” हे त्यांचं आवडतं वाक्य. स्टोव्ह विझला का, एसटीची पाटी बरोबर आहे का, सूर्य मावळतीकडेच गेला का, सगळ्याला तेच.

कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासोबत नागपूरहून पाटणे मॅडम आल्या. वय चोवीस-पंचवीस, बोलणं तडफदार. फाईलीचं नाव दोन भागांत असतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आधी आठ अक्षरांपर्यंतचं नाव, मग टिंब, मग तीन अक्षरं. ही तीन अक्षरं बघून फाईल कोणत्या प्रोग्राममध्ये उघडायची ते कळतं.

“म्हणजे आडनाव,” रामटेकेबाबू म्हणाले.

कोपऱ्यातले एक कारकून म्हणाले, “जात म्हणा ना, बाबू.”

“जात नोका म्हणू. आडनाव म्हणा.” ते एवढं शांतपणे म्हणाले की तो शब्द त्या खोलीत पुन्हा कोणी काढला नाही.

पंधरा दिवसांत ते इतरांना शिकवू लागले. मॅडमपेक्षा त्यांचं सांगणं लोकांना लवकर कळे. “टीएक्सटी म्हणजे साधा माणूस. धोतर-बंडी. ना ठळक अक्षर, ना रंगरंगोटी. म्हणूनच कोणाच्याबी घरी जाते, कोणतंबी यंत्र त्याले ओळखते. डॉक म्हणजे सजवलेलं पत्र, समास-बिमास आखलेलं. पण ते ज्या प्रोग्रामात लिवलं त्याच प्रोग्रामात नीट दिसते. डीबीएफ म्हणजे सातबारा. नावाचा रकाना अलग, गावाचा अलग. मांगाल तसं निवडून देते. डब्ल्यूकेएस बेरजावाला. बाक म्हणजे कालचा कागद, फेकू नोका. अन् कॉम, ईएक्सई हे काम करनारे. त्याइले वाचाले जाऊ नोका.”

शेवटचं त्यांना अनुभवाने माहीत होतं. एकदा त्यांनी एक कॉम फाईल पडद्यावर वाचायला घेतली होती. हसरे चेहरे, पत्त्यातले बदाम, मोडकी चिन्हं धावत गेली आणि यंत्र सलग पिपाण्या वाजवू लागलं. रामटेकेबाबूंनी हात जोडले. “दुखून राह्यलं त्याले,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्या फाईलीपुढे त्यांनी ‘ह’ लिहून कंसात ‘आजारी’ असं लिहिलं.

फ्लॉप्यांचा त्यांनी बस्ता बांधला होता. लाल कापड, आत कडुलिंबाचा वाळला पाला. कचेरीत तीस वर्षं कागदांना उधळी-वाळवीपासून त्यांनी असंच राखलं होतं. पाल्याचा चुरा फ्लॉपीत गेला तर ती वाचता येणार नाही, असं मॅडमनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी प्रत्येक फ्लॉपी प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पाला राहू दिला.

त्या हिवाळ्यात मॅडम बहिणीच्या लग्नाला आठ दिवस नागपूरला गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी नागपूरहून पत्र आलं. शेवटच्या गावाची यादी डीबीएफमध्ये पाठवावी. पुढच्या आठवड्यात शनिवारी सगळ्या याद्या एकत्र छापायला जातील, जे गाव राहील ते पुढच्या टप्प्यात. पुढचा टप्पा त्या कचेरीत कोणी पाहिला नव्हता.

यादी तयार होती, पण टायपिंगच्या प्रोग्राममध्ये केलेली, म्हणजे डॉक. रामटेकेबाबूंनी अर्धा दिवस विचार केला. मग यंत्राला नाव बदलायचा हुकूम दिला. डॉक काढून डीबीएफ लावलं. यंत्राने हरकत घेतली नाही. यादी परत आणून पाहिली. नवं आडनाव लागलं होतं. फ्लॉपी त्याच दुपारच्या गाडीने गेली.

संध्याकाळी त्यांनी मला चहा पाजला. “सोपं हाय, पत्रकारभाऊ. माणसानं गॅझेटात नाव बदललं का सरकारदरबारी तो नवाच माणूस. मंग कोणी जुनं विचारत नाई. तुमच्या पेपरात येतात ना तशा जाहिराती?”

येतात, असं मी सांगितलं. मलाही त्यात काही चूक दिसली नाही.

बुधवारी सकाळी नागपूरचा फोन आला. फाईल उघडत नव्हती. याद्यांचा प्रोग्राम तिला यादी मानायलाच तयार नव्हता. मॅडम त्याच दिवशी परतल्या होत्या. खांद्यावरची पिशवीही न काढता त्यांनी ती फाईल पडद्यावर उलगडली. नावं दिसत होती, पण जवळजवळ प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर जाऊन तिथे भलतंच चिन्ह आलं होतं.

“बाबू, तुम्ही फक्त पाटी बदलली,” मॅडम म्हणाल्या. “आत टायपिंगच्या प्रोग्रामने स्वतःच्या खुणा घातल्या आहेत, प्रत्येक शब्दाच्या शेवटी. त्या त्यालाच कळतात. डीबीएफमध्ये आधी रकाने आखावे लागतात, मग एकेक नाव भरावं लागतं. नुसतं आडनाव बदलून आतला माणूस बदलत नाही.”

रामटेकेबाबू उभे होते ते स्टुलावर बसले. यादी किती मोठी, किती वेळ लागेल, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “मंग माह्या त्या चार?”

मॅडमना कळलं नाही. मी पडद्यावर यादी मागितली. फाईलींच्या रांगेत एक नाव चारदा होतं. रुकमाबाई. टीएक्सटी, डॉक, डीबीएफ, डब्ल्यूकेएस. इंग्रजीत लिहिलेलं ते नाव आठ अक्षरांत नेमकं बसत होतं. हजेरीत ते मी रोज ऐकत होतो. एखाद्या गावाच्या नावाचा प्रकार असेल, असं समजत होतो. आता मी पुढचे आकडे वाचले. चारही फाईलींचा आकार एकसारखा होता. म्हणजे एकीच्याच चार प्रती, चार पाट्या लावलेल्या.

“रुकमाबाई कोण?” मॅडमनी विचारलं.

रामटेकेबाबूंनी मस्टर मिटलं. मग जमिनीकडे बघत सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका तलावाची यादी त्यांनी टाईपरायटरवर केली होती. कार्बन लावून चार प्रती. रुकमाबाई मडावी या विधवेचं नाव पानावरची शेवटची ओळ होतं. चौथा कागद रोलरमध्ये घसरला आणि शेवटची ओळ त्यावर उमटलीच नाही. वर गेला तो नेमका चौथा कागद. बाईला जागा मिळाली नाही.

“दोन वर्सं येऊन बसे व्हरांड्यात. मले विचारे, बाबू, माहं नाव हाय का? मी म्हणो, हाय ना बाई. माह्याजवळच्या कागदात होतं ना. खोटं नाई बोललो.” त्यांनी मिटलेलं मस्टर मांडीवर सरळ केलं. “मंग ते यायची बंद झाली.”

“आता कुठे आहेत त्या?”

“भावाच्या गावी. वेगळी झोपडी घालून राह्यते. हेच गाव हाय,” त्यांनी पडद्याकडे बोट केलं. “हे शेवटचं.”

चार फाईली का, ते मग कोणी विचारलं नाही. उद्या कोणतंही यंत्र आलं, कोणताही प्रोग्राम आला, तरी तिचं नाव लिहिलेली फाईल एका तरी आडनावाने उघडेल, असा त्यांचा बंदोबस्त होता. तो बंदोबस्त पाट्यांचा निघाला.

मॅडमनी पिशवी खाली ठेवली. “बाबू, कागदावरची यादी काढा. तुम्ही वाचा, मी भरते. भाऊ, तुम्ही तपासा.”

प्रूफं तपासणं माझा धंदा होता. आम्ही बुधवार आणि गुरुवार ते केलं. रामटेकेबाबू नाव वाचत, मग त्याचं स्पेलिंग, मग गाव, मग पुन्हा नाव. दर दहा नावांनी म्हणत, “मॅडम, ठेवलं का? हाय ना?” मॅडम म्हणत, “ठेवलं.” बुधवारी दोनदा लाईट गेली. दोन्ही वेळा ते अंधारलेल्या पडद्यापुढे, लाईट येईपर्यंत, जागचे हलले नाहीत. पहिल्यांदा तीन नावं गेली, दुसऱ्यांदा एक. ती पुन्हा भरली. रुकमाबाईचं नाव गुरुवारी दुपारी आलं. ते त्यांनी इतर नावांसारखंच वाचलं, फक्त नंतर पाणी प्यायला बाहेर गेले.

मॅडमनी यादी दोन फ्लॉप्यांवर घेतली. एक बस्त्यात गेली. दुसरी घेऊन शुक्रवारी सकाळच्या नागपूरच्या गाडीत रामटेकेबाबू स्वतः बसले. मला ब्रह्मपुरीला जायचं होतं म्हणून मीही होतो. फ्लॉपी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, पुठ्ठे टॉवेलात, टॉवेल मांडीवर. मॅडमनी लोहचुंबकापासून जपायला सांगितलं होतं. शेजारी एकजण ट्रान्झिस्टर घेऊन बसला, तेव्हा बाबू ताडकन उठले.

“भाऊ, तुमच्या रेडिओत लोहचुंबक हाय. तिकडं बसा ना जी.”

“काऊन? माह्या रेडिओनं तुमचं काय नेलं?”

“याच्यात गाव हाय पुरं.”

तो माणूस टॉवेलाकडे बघत राहिला. मग मागच्या सीटवर गेला. कंडक्टरला बाबूंनी तीनदा विचारलं की गाडी नागपूरलाच जाते ना. तिसऱ्यांदा कंडक्टर म्हणाला, “बाबू, पाटी वाचली नाई का?”

“पाटीवर भरोसा नाई राह्यला,” रामटेकेबाबू म्हणाले.

मी ब्रह्मपुरीला उतरलो. खिडकीतून मला त्यांचे फक्त टॉवेलावरचे दोन हात दिसले.

छापील यादी यायला पुढे दीड महिना लागला. त्या काळात रामटेकेबाबूंचं वजन उतरलं. कुलूप ओढायची संख्या पाचावर गेली. मॅडमनी मात्र मधल्या एका दुपारी, ते जेवायला गेले असताना, एक काम केलं. रुकमाबाईच्या जुन्या चारही फाईली पुसल्या आणि नव्याने केल्या, प्रत्येक ज्या त्या प्रोग्राममध्ये जाऊन. टीएक्सटी साधी, डॉक टायपिंगच्या प्रोग्रामात, डीबीएफ रकाने आखून, चौथी बेरजेच्या तक्त्यात. दुसऱ्या सकाळी हजेरी घेताना रामटेकेबाबू एका जागी बराच वेळ थांबले. चारींचे आकार आता वेगवेगळे होते. त्यांनी चार वेळा ‘ह’ लिहिला आणि मॅडमच्या टेबलावर खिशातलं निळं पेन ठेवून दिलं. मॅडमनी ते वर्षभर वापरलं.

यादी आली. रुकमाबाईचं नाव होतं, शेवटच्या अक्षरासकट. रामटेकेबाबूंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं, मग मॅडमकडून, मग साहेबांच्या शिपायाकडून. त्या गावाकडे जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे तिच्यासाठी निरोप दिला.

तिसऱ्या दिवशी मी कचेरीत पोहोचलो तेव्हा हजेरी चालू होती. व्हरांड्यात खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, मांडीवर मोहफुलांची पुरचुंडी. रामटेकेबाबूंची पाठ दाराकडे होती. ते पडद्यावरून वाचत होते, लिहीत होते, वाचत होते.

“रुकमाबाई, टीएक्सटी.”

“हाव, बाबू,” बाहेरून आवाज आला.

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. मॅडमनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मग बाबूंनी पुढचं नाव वाचलं.

“रुकमाबाई, डॉक.”

“हाव.”

“रुकमाबाई, डीबीएफ.”

“हाव म्हनलं ना, बाबू.”

“रुकमाबाई, डब्ल्यूकेएस.”

“आलीच हावो ना मी. कितीक खेपा पुसता?”

“ही शेवटची, बाई,” रामटेकेबाबू म्हणाले, आणि त्यांनी चौथा ‘ह’ लिहिला.